चाळिसाला एक

फोन मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडासमोर धरून आईला थेंब दाखवत होते, झाडातून गळणाऱ्या पाण्याचा, जे आटवून मेपल सिरप करतात. इकडे सकाळचे दहा, तिकडे दिवेलागण कधीच होऊन गेलेली, जेवणंही उरकलेली. "बघ हां, आत्ता पडेल," असं मी म्हणतेय, तो थेंब नळीच्या टोकाला लोंबकळत फुगतोय पण काही केल्या पडत नाहीये, आणि आई चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनच्या इतकी जवळ आलेली की मला नुसती तिची टिकली आणि अर्धी भुवई दिसतेय. शेवटी पडला एकदाचा. मला वाटलं आता म्हणेल, अगंबाई, झाडातून पाणी! तर म्हणाली, "भोक पाडलंयस होय त्याला?" मी म्हटलं हो, अगं एवढंसं, पेन्सिल जाईल इतकंच. त्यावर काहीच नाही. मग, "विचारलं होतंस का झाडाला?" आणि लगेच पुढचं वाक्य गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल.

ही बाई रात्री फोडणीसाठी कढीपत्ता तोडायलासुद्धा जाऊ द्यायची नाही, झाडं झोपलीयत म्हणायची. तिला उलट विचारावंसं वाटलं की आपल्या शिरोळ तालुक्यात एवढा ऊस तोडतात, उसाला कोण विचारतं गं? पण टाकीचा विषय जोरात होता. फोन ठेवला आणि दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण खरं सांगायचं तर मी सगळ्यांना विचारलं होतं. शेजारच्या आजोबांना, हार्डवेअरच्या दुकानातल्या पोराला, आणि नवऱ्याला तर दहादा विचारलं होतं की एवढे पैसे खर्चून हे करावं का. झाडाला काय परवडतं हे मात्र विचारायचं डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधे, वूस्टरच्या पुढे, जिथे घरं स्वस्त होत जातात आणि झाडं वाढत जातात अशा भागात राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या झाडांकडे आम्ही फक्त पानं गोळा करायच्या कंटाळ्याच्या नजरेने बघायचो. ऑक्टोबरमधे सगळं जग त्या लाल-केशरी रंगाचे फोटो काढतं आणि नोव्हेंबरमधे आपण कंबर धरून पोत्यात पानं कोंबत बसतो. एकदा शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, तुझ्याकडे दोन चांगले शुगर मेपल आहेत आणि तू सिरप दुकानातून आणतेस? त्यांच्या आवाजात जरा तुच्छताच होती, म्हणजे दारात आंबा असून बाजारातून कैरी आणणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला जे वाटेल ते. चांगल्या सिरपची क्वार्टची, म्हणजे जवळपास लिटरभराची, बाटली इथेसुद्धा 20 डॉलरच्या पुढेच जाते, आणि आमच्याकडे लेक ते घावनांवर ओतते. पॅनकेकपेक्षा घावनाच्या जाळीत सिरप जास्त मुरतं असं तिचं म्हणणं आहे आणि ते खरंय.

ज्यांना करायचंय त्यांनी झाड पानं असतानाच ओळखून ठेवावं. फेब्रुवारीत, भोकं पाडायच्या वेळी, सगळीच झाडं नागडी असतात आणि सगळीच करडी दिसतात. मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, ओकच्या आळीपाळीने, एवढं कळलं तरी निम्मी झाडं बाद होतात. नॉर्वे मेपल हा इथे रस्त्याच्या कडेला लावलेला परदेशी भाऊ, पान हुबेहूब, पण देठ मोडला की पांढरा चीक येतो. मी गणपतीच्या मखराची उरलेली लाल रिबन घेऊन ऑक्टोबरमधेच दोन शुगर मेपल आणि एका रेड मेपलला बांधून आले. रेड मेपलचंही सिरप होतं, सिल्व्हर मेपलचंही होतं, पाण्यात साखर जरा कमी असते इतकंच, आणि साखर कमी म्हणजे सरपण जास्त. त्या रिबनी बघून कुरिअरवाल्याने विचारलं की झाडं तोडणार आहात का.

मग खरेदी. आणि इथे मला खूप बोलायचंय.

मेपल सिरप असं इंटरनेटवर शोधलं की तुमच्यावर वस्तूंचा भडिमार सुरू होतो. कोरीव झाकणाच्या बादल्या, स्टेनलेसची बाष्पीभवन यंत्रं, पाण्यातलं पाणी आधीच काढून टाकणारी रिव्हर्स ऑस्मोसिसची मशीन्स, गिफ्ट बॉक्समधले किट. आमच्याकडे नवरा रोज रात्री एकेक टॅब उघडून ठेवायचा आणि मी सकाळी बंद करायचे. झाडाला लावायची नळी, तिला स्पाइल म्हणतात, ती प्लास्टिकची साधी काही डॉलरला मिळते आणि जपली तर वर्षानुवर्षं चालते. ड्रिल घरात होतं, त्याला 5/16 इंचाचं धारदार नवं पातं आणलं. बादल्या बेकरीतून फुकट. केकवरचं आयसिंग मोठ्या पांढऱ्या बादल्यांतून येतं, रिकाम्या झाल्या की बेकरीवाले देऊन टाकतात. चारदा गरम पाण्याने धुतल्या तरी झाकण उघडलं की व्हॅनिलाचा वास येतोच, पण खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक आहे हे महत्त्वाचं. रंगाचा डबा कितीही घासला तरी नको, आणि जुन्या बाजारात मिळणाऱ्या त्या फोटोजेनिक पत्र्याच्या बादल्या तर अजिबात नकोत, त्यांच्या सांध्यांत शिसं असू शकतं. आटवायला हॉटेलात बुफेमधे भाजी ठेवतात ती स्टीलची खोल चौकोनी भांडी, आणि त्यांच्याखाली काँक्रीटच्या ठोकळ्यांची चूल. ठोकळे मातीत नुसते रचायचे, सिमेंट नाही, काही नाही, एप्रिलमधे परत उचलून ठेवायचे. एवढ्यात झालं. जे विकत घ्यावंसं वाटतं त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षी नाही घेतलं तर दुसऱ्या वर्षी लागतच नाही असं माझं मत झालंय.

भोक पाडतानाचं सांगते. जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर, शक्यतो खाली मोठं मूळ किंवा वर जाड फांदी असेल त्या रेषेत, पातं किंचित वरच्या दिशेला, म्हणजे पाणी आपसूक बाहेर उतरेल. दीड इंच, फारतर दोन, त्याहून खोल नाही. पात्यावर आधीच टेप चिकटवून खूण करायची. साल करकरली, मग आवाज बदलला, आणि भुसा बाहेर यायला लागला तो फिकट, मलईच्या रंगाचा आणि ओलसर, बोटांना चिकटणारा. भुसा तपकिरी आला तर समजायचं की तिथलं लाकूड आतून मेलंय, तिथे काही मिळणार नाही. नळी हातोडीने हलकेच ठोकायची, ठोकताना सुरुवातीला पोकळ आवाज येतो आणि मग एका ठोक्याला तो भरीव होतो, तिथे थांबायचं, अजून एक मारला तर लाकूड उभं चिरतं. मी हातोडी खाली ठेवायच्या आतच नळीच्या तोंडाशी पाणी चमकलं. बोटावर घेऊन चाटलं. पाणीच की हे, असं म्हणेपर्यंत शेवटी जिभेच्या मागे काहीतरी गोडसर येऊन गेलं. लेक म्हणाली, हे तर फसवलं आपल्याला.

दोन टक्के साखर असते त्यात, बाकी पाणी. ही साखर म्हणजे झाडाने गेल्या उन्हाळ्यात पानांनी कमावून लाकडात स्टार्च करून ठेवलेली शिल्लक. आणि ते पाणी वाहतं तेही फक्त एका विशिष्ट हवेत, रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर. मेपलच्या लाकडातल्या काही पेशींत पाण्याऐवजी हवा भरलेली असते. रात्री गारठ्यात ती आक्रसते, पाणी तिथे गोठत जातं, आणि झाड मुळांतून अजून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, हवा फुगते, आतला दाब वाढतो आणि पाण्याला जिथे वाट दिसेल तिथून ते बाहेर येतं, मग ती वाट माझ्या ड्रिलची असो नाहीतर वाऱ्याने मोडलेल्या डहाळीची. लाल खारी तर सालीला चावा घेऊन जातात आणि पाणी वाळून साखर उरली की परत येऊन चाटतात. म्हणजे सरपण न जाळता, फुकटात. बजेटचं बोलायचं तर त्यांच्याकडून शिकावं.

या हवेमुळे माझं इतर मराठी मंडळींशी बोलणंच बिघडलं. मार्चमधे सगळे कावलेले असतात, अजून थंडी संपत नाही, कोट कधी धुवायला टाकायचे, पुण्यात बघ कैऱ्या आल्या. आणि मी म्हणतेय, उद्या रात्री उणे पाच दाखवतंय, मस्त! ग्रुपवर दोन दिवस कोणी मला उत्तर दिलं नाही.

आमच्याकडे होळी याच सुमाराला येते. एरवी इथे होळी म्हणजे कुणाच्या तरी बेसमेंटमधे पुरणपोळ्या आणि मुलांना दाखवायला मोबाईलवर आग. या वर्षी आमच्या मागच्या अंगणात खरी आग होती आणि ती काही तासांत विझवायची नव्हती. सरपण म्हणजे शेजारच्यांचं मेलेलं अ‍ॅशचं झाड. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या हिरव्या किड्याने इकडची अ‍ॅशची झाडं अक्षरशः ओळीने मारलीयत, लाकूड वाळून खडखडीत झालेलं असतं, आणि आजोबा म्हणाले ने उचलून, माझं काम वाचेल. गॅसवर आटवायचं म्हटलं तर सिलिंडरच्या किमतीत दुकानातलं सिरप आलं असतं, त्यामुळे स्वस्तात करायचं असेल तर पहिला प्रश्न बादलीचा नाही, सरपणाचा आहे. आणि घरात, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. साधारण चाळीस गॅलन पाण्यातून एक गॅलन सिरप होतं, बाकीचे एकोणचाळीस गॅलन वाफ होऊन जातात कुठे? भिंतीत. ओळखीच्या एकीने आतल्या शेगडीवर केलं होतं, तिचा वॉलपेपर कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागला.

लहानपणी मामाच्या शेताशेजारी गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीवर चढलेली मळी झाऱ्याने बाजूला ओढणारा गुळव्या, भेंडीचं पाणी घातलं की रस एकदम निवळायचा ते, आणि गूळ व्हायच्या आधी आम्हा पोरांना वाटीत मिळायची ती गरम काकवी. मला वाटलेलं की मला हे आपसूकच येईल, रक्तात आहे. पण उसाच्या रसात 15-20 टक्के साखर असते, चिपाडं तिथल्या तिथे मिळतात, आणि इथे दोन टक्क्यांवर बसायचंय. इथले जुने लोक 86 चा हिशोब सांगतात, पाण्यात साखर किती टक्के आहे त्याने 86 ला भागायचं, तेवढे गॅलन पाणी एका गॅलन सिरपला लागतं. दोन टक्क्यांना 43. रेड मेपलचं दीड टक्का भरलं तर 57. आजोबांनी हे मला कुंपणावर बोटाने लिहून दाखवलं, बर्फावर.

मग तासन्‌तास उभं राहायचं. चूल समोरून भाजते, पाठ गोठलेली. वाफ तोंडावर आली की चष्म्यावर दव धरतं आणि केसांना गोड वास लागतो तो दुसऱ्या दिवशी उशीपासून ऑफिसापर्यंत सोबत येतो. भांड्यात पाणी कमी झालं की थोडं थोडं ओतत राहायचं, एकदम गार पाणी ओतलं की उकळी बसते, म्हणून बाजूला एका पातेल्यात कोमट करून ठेवायचं. फेस वर चढायला लागला की इथली मंडळी लोण्याचा खडा नाहीतर क्रीमचा थेंब टाकतात. मी तुपाचा टाकला. फेस असा खाली बसला की शेजारचे आजोबा तुपाची बरणी हातात घेऊन वास घेत बसले.

एक गोष्ट मात्र पैसे आणि लाकूड दोन्ही वाचवते, आणि तिला मशीन लागत नाही. रात्रभर बादली बाहेर ठेवली की वर बर्फाचा थर धरतो. तो बर्फ बहुतेक नुसतं पाणी असतो, साखर खालच्या न गोठलेल्या पाण्यात राहते. थर उचलून फेकून दिला की तेवढं आटवायचं वाचलं. या खंडातले मूळ रहिवासी, आबेनाकी, अनिशिनाबे, ही मंडळी युरोपियन येण्याच्या कितीतरी आधीपासून मेपलची साखर करत आलीयत, आणि बर्फ फेकायची युक्तीही त्यांचीच म्हणून सांगतात. अनिशिनाबे लोकांत या दिवसांच्या चंद्राला साखरेचा चंद्र म्हणतात, बर्चच्या सालीच्या भांड्यांतून साखर साठवायची, आणि बरेच जण हंगाम सुरू करताना झाडांना तंबाखू वाहतात. हे वाचलं तेव्हा आईचं वाक्य परत येऊन बसलं. विचारायची पद्धत होती की इथे.

नंतर आलेल्यांनी मात्र या साखरेकडून भलत्याच अपेक्षा केल्या. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन 1791 साली व्हरमाँटमधून फिरून गेला, आणि त्याला वाटत होतं की मेपलच्या जोरावर वेस्ट इंडीजच्या उसाच्या साखरेला, म्हणजे गुलामांच्या घामावरच्या साखरेला, पर्याय उभा राहील. त्याने व्हर्जिनियात आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर मेपलची रोपंही लावली. ती नीट लागली नाहीत. आणि गुलामांच्या साखरेबद्दल हळहळणाऱ्या त्या माणसाच्या मळ्यावर ती रोपं लावायला हात कुणाचे होते, हे चुलीपुढे उभं असताना मनात येतंच, इतका वेळ असतो हातात.

शेवटचा टप्पा आतल्या शेगडीवर, लहान पातेल्यात, आणि हे फार पटकन होतं. पाणी त्या दिवशी जितक्या तापमानाला उकळतं त्याच्या सात अंश फॅरनहाइट वर सिरप तयार. त्या दिवशी असं मुद्दाम म्हणतेय, कारण हवेच्या दाबाने उत्कलनबिंदू एखाद अंश इकडेतिकडे होतो, म्हणून आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघून घ्यायचा. आपल्या लोकांना पाकाची सवय असते पण इथे ती आडवी येते, बोटं एकतारीची वाट बघतात. एकतारी होईपर्यंत थांबलात तर बाटलीत खडीसाखर धरेल. त्याच्या अलीकडे, चमचा तिरका धरल्यावर थेंब थेंब न पडता कडेवरून पदर सुटून एकत्र घसरतो, तेव्हा गॅस बंद. मग गाळणं. तळाला एक करडा बारीक कच जमतो, झाडातलेच क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. खायला काही अपाय नाही पण दाताखाली कचकचतो. श्रीखंडाच्या चक्क्याचं फडकं चार पदरी केलं तरी तो आरपार जातो. नमद्याची गाळणी मिळते, किंवा फुकटचा मार्ग म्हणजे बरणीत रात्रभर निवळू द्यायचं, वरचं हळूच काढून घ्यायचं, आणि परत 185 अंश फॅरनहाइटपर्यंत गरम करून कडक बाटल्यांत भरायचं.

पहिल्या पाण्याचं सिरप फिकट सोनेरी झालं, नवऱ्याने उजेडात धरून फोटो काढले. हंगाम सरत आला तसं गडद होत गेलं. आधी या गडद सिरपला बी ग्रेड म्हणायचे, आता सगळंच ए ग्रेड आणि पुढे चवीची विशेषणं. मला तेच गडद आवडतं. त्यात धूर आहे, थोडा कडवटपणा आहे, आणि मामाच्या वाटीतल्या काकवीची आठवण येईल इतपत खोली आहे. फिकटवालं पाहुण्यांना.

हिशोब मी वहीत लिहिला, आजीची सवय. स्पाइल, पातं, भांडी, ठोकळे, थर्मामीटर. सिरपच्या बाजारभावाने बघितलं तर पहिल्या वर्षी वसूल होत नाही, पुढच्या वर्षापासून वस्तू त्याच राहतात म्हणून होतं. माझ्या तासांचे पैसे लावले तर कधीच होत नाही, म्हणून ते लावायचे नाहीत. आणि मग झाडाचा रकाना. साखर आपण त्याच्या शिलकीतली थोडीच काढतो, निरोगी झाडाला ती परवडते, शंभर वर्षांहून जास्त काळ पाणी देणारी झाडं आहेत. पण भोकाचं तसं नाही. बाहेरून ते एक-दोन वर्षांत बुजतं, आत मात्र त्याच्या वर-खाली लाकडाचा एक उभा पट्टा काळपट पडतो आणि त्यातून परत कधी पाणी वाहत नाही. झाड ती जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालतं आणि तेवढा भाग सोडून देतं. पुढच्या वर्षी भोक तिथून दूर पाडायचं असतं ते यामुळेच. म्हणून दहा इंचांपेक्षा कमी व्यासाच्या खोडाला हात लावायचा नाही, आणि दीड फूट व्यासापर्यंतच्या झाडाला एकच नळी. दरवर्षी नवं लाकूड जितकं वाढतं त्याहून कमी खराब करायचं, एवढा साधा व्यवहार आहे.

आईला हे फोनवर सांगितलं. तिने नीट ऐकलं. म्हणाली, म्हणजे दुखतं, पण चालवून घेतं. मी म्हटलं असं शास्त्रात कोणी लिहिलेलं नाहीये. ती म्हणाली, बरं.

पाडव्याच्या आसपास ओढ्याकडच्या दलदलीत बेडूक ओरडायला लागले. इथले लोक म्हणतात बेडूक ओरडले की आवरा. कळ्या फुगल्या की पाण्याची चव बदलते, सिरपला एक उग्र वास येतो, कितीही आटवलं तरी जात नाही. नळ्या उपटल्या, भोकं तशीच ठेवली, त्यात बूच वगैरे मारायचं नसतं. गुढीला साखरेची गाठी इकडे इंडियन स्टोअरमधे मिळतेच असं नाही, या वर्षी नव्हती, तर लेकीने गडद सिरप अजून आटवून, घोटून त्याच्या वड्या पाडल्या आणि दोऱ्यात ओवायचा प्रयत्न केला. दोरा तुटला, वड्या आम्ही खाल्ल्या, गुढी कडुलिंबाशिवाय आणि गाठीशिवाय झेंडूच्या प्लास्टिकच्या माळेवर भागली.

आता ज्याला त्याला बाटली हवीय. मंडळाच्या कार्यक्रमात तर एका काकांनी सरळ ऑर्डरच दिली, दोन क्वार्ट, गडदवालं, पैसे देतो म्हणाले. एका नळीमागे हंगामभरात मिळून साधारण एक क्वार्ट होतं हो काका, म्हटलं, म्हणजे तुम्हाला दोन नळ्या लागतील. तुमच्या मागे मेपल आहेत ना? मी स्पाइल देते, पातं देते, बेकरीचा पत्ता देते. आधी टेप घेऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, 31 इंचांच्या खाली भरला तर फोन करू नका.

"आणि सरपण?" काकांनी विचारलं. ते तुमचं तुम्ही बघा.